सिंकमध्ये ओतलेलं औषध जातं कुठं?

प्रश्न: ताई, मी इंदूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूत स्टाफ नर्स आहे, घर रामबागेत. ड्यूटीत कधी व्हायलमध्ये (इंजेक्शनच्या बाटलीत) अर्धं मेरोपेनेम हे अँटिबायोटिक उरतं, कधी डॉक्टर डोस बंद करतात आणि भरलेली सिरिंज तशीच राहते. आम्ही ते सरळ सिंकमध्ये ओततो. इन्चार्ज म्हणतात, खाली ईटीपी म्हणजे हॉस्पिटलचं सांडपाणी साफ करायचा प्लांट आहे, क्लोरीन पडतं, सगळं मरतं. आणि शहरात तर एसटीपी, म्हणजे शहराच्या सांडपाण्याचे प्लांट पण आहेत. मग खरंच काळजी नाही का?

उत्तर: सिस्टर, बरं झालं विचारलंत, कारण काळजी आहे आणि ती ईटीपीच्या कितीतरी आधी सुरू होते, त्या सिंकच्या खालीच. तिथं जो वाकडा यू आकाराचा पाईप असतो ना, प्लंबरनं उघडला की आतून काळपट बुळबुळीत थर निघतो, तो थर म्हणजे जंतूंची वस्तीच. त्यांच्यावर तुम्ही रोज थोडं थोडं मेरोपेनेम ओतता, लेचेपेचे मरतात, ज्यांना ते औषध पचवता येतं ते उरतात आणि वाढतात. मग कोणी नळ जोरात सोडतो, धार सरळ जाळीवर पडते, तुषार उडतात, ते बाजूच्या ट्रेवर नाहीतर हातावर, आणि तिथून पेशंटपर्यंत. आयसीयूमधल्या सिंकमधून असं इन्फेक्शन पसरल्याचं जगभर सापडलंय.

आता ईटीपी. हवा सोडलेल्या टाकीत बॅक्टेरिया घाण खातात, ही यंत्रणा त्यासाठीच बांधलेली असते. 2016 च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांत हॉस्पिटलच्या पाण्याला लिटरमागे बीओडी आणि सीओडी (पाण्यात किती घाण उरली याची मापं) जास्तीत जास्त 30 आणि 250 मिलिग्रॅम, आणि त्या पाण्यात 96 तास ठेवलेले 90 टक्के मासे जगले पाहिजेत, असं लिहिलंय. अँटिबायोटिक किती राहिलं याचा रकानाच त्यात नाही, म्हणजे रिपोर्ट पास झाला तरी औषधाबद्दल तो काहीच सांगत नाही. मेरोपेनेम त्यातल्या त्यात लवकर तुटतं. पण सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चिवट, पेशंटला दिलेल्यातलं 40-50 टक्के लघवीतून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि गाळात चिकटून बसतं, फिटची कार्बामाझेपिन तर साध्या प्लांटमधून जवळजवळ तशीच पार होते.

आणि क्लोरीन जंतू मारतं हे खरं, पण मेलेला जंतू फुटला की त्याचा डीएनए पाण्यात येतो आणि त्यातला रेझिस्टन्सचा, म्हणजे औषधाला न जुमानण्याचा जीन दुसरा जिवंत जंतू उचलू शकतो. हे नुसतं पुस्तकातलं नाही हो. 2011 साली नवी दिल्लीतल्या पाण्याचा अभ्यास छापून आला, साचलेल्या-झिरपलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये आणि नळाच्या 50 पैकी 2 मध्ये एनडीएम-1 नावाचा असाच एक जीन सापडला होता, आणि हा जीन मेरोपेनेमच्या कुळातलीच औषधं निकामी करतो.

इंदूरला 2021 मध्ये वॉटर प्लस हे सांडपाणी-स्वच्छतेचं सर्टिफिकेट मिळालं, नाल्यांत पडणारं सांडपाणी अडवून वळवलं, त्या कामाचा मला मनापासून अभिमान आहे. पण शहरातला एसटीपी पण घाण खाणाराच, औषध ओळखणारा नाही, आणि इंदूरची कान्ह नदी पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, जिथं 2028 ला सिंहस्थात लाखो लोक स्नान करणार.

उपाय आहेत. एमबीआर म्हणजे बारीक छिद्रांच्या मेम्ब्रेनचा प्लांट जंतू गाळून ठेवतो, त्यापुढे ओझोन किंवा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावला की बरीच औषधं तुटतात नाहीतर कार्बनला चिकटतात, स्वित्झर्लंडनं तर 2016 पासून निवडक मोठ्या प्लांटना असली सूक्ष्म द्रव्यं 80 टक्के काढणं बंधनकारक केलंय. वीज लागते, कार्बन बदलावा लागतो, खर्च आहे. माझं मत विचाराल तर हे आधी मोठ्या हॉस्पिटलांनी करावं, कारण शेवटच्या फळीची औषधं आणि त्यांना न जुमानणारे जंतू तिथंच एकाच पाईपात भेटतात, आणि ते पाणी किचन-लॉन्ड्रीच्या पाण्यात मिसळायच्या आधीच धरलेलं बरं.

तुमच्या हातात आहे ते उद्यापासून करा. त्याच नियमांत टाकून द्यायची अँटिबायोटिक्स पिवळ्या पिशवीत, असं स्पष्ट लिहिलंय, तर उरलेलं औषध व्हायलसकट तिथंच, सिरिंजमधलं कसं द्यायचं ते इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरकडून लिहून घ्या. हात धुवायच्या सिंकमध्ये सलाईन, लघवी, औषध काहीच नको. आणि नळाची धार जाळीवर सरळ पडत असेल तर मेंटेनन्सवाल्याला सांगून नळ थोडा बाजूला घ्यायला लावा, तासाभराचं काम आहे.