लेकीचा टाइप-१, टी-२२०१ फॉर्म आणि २५ टक्के कमिशन

प्रश्न कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून: अकरा वर्षांच्या मुलीला २०२१ च्या सुरुवातीपासून टाइप-१ मधुमेह आहे. नवऱ्याला टाइप-२, गोळ्या चालू. एक सल्लागार दोघांनाही डिसॅबिलिटी टॅक्स क्रेडिट (अपंगत्वासाठीची करसवलत) मिळवून देतो म्हणतो. परताव्यातले २५ टक्के त्याचे. सही करू का?

ताई, सही करू नका.

मुलीच्या बाबतीत सिद्ध करण्यासारखं फारसं उरलेलंच नाही. पूर्वी या सवलतीसाठी उपचारात आठवड्याला सरासरी १४ तास जातात हे मिनिटं जोडून दाखवावं लागे. २०२१ च्या करवर्षापासून टाइप-१ असेल तर ही अट पूर्ण झाली असं कायदाच धरतो. टी-२२०१ म्हणजे या क्रेडिटचा अर्ज. त्याचा पहिला भाग तुम्ही भरायचा, दुसरा तिच्या डॉक्टरांनी. डॉक्टर कदाचित फी घेतील. सीआरए (कॅनडाचं करखातं) काही घेत नाही. मागची कराची विवरणपत्रं दुरुस्त करा, हेही त्याच फॉर्मवर सांगता येतं.

२०२४ साठी मूळ रक्कम ९,८७२ डॉलर, अठराच्या आतल्या मुलांना आणखी ५,७५८ पर्यंत. या बेरजेवर त्या वर्षीच्या १५ टक्के दराने केंद्राचा कर सुमारे २,३४० डॉलरने कमी होतो, ऑन्टारियो प्रांताचा वेगळा. (मुलीच्या पाळणाघराचा खर्च दाखवला असेल तर ही जादा रक्कम घटू शकते.) मुलीला उत्पन्न नाही, तेव्हा तुमच्यापैकी ज्याचा कर जास्त त्याने हे क्रेडिट घ्यावं. २०२१ ते २०२४ मिळून साडेआठ हजारांच्या वर जातं. त्यातले दोन हजार एका फॉर्मपायी का द्यायचे?

मला परताव्यापेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं. मंजुरी मिळाली की चाइल्ड डिसॅबिलिटी बेनिफिटचा (अपंग मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा) हक्क मिळतो आणि आरडीएसपी (अपंग व्यक्तीसाठीचं दीर्घ मुदतीचं बचत खातं) उघडता येतो. तुम्ही कळवलेल्या ९० हजारांच्या कौटुंबिक उत्पन्नावर वर्षाला १,५०० डॉलर भरलेत तर सरकार ३,५०० घालतं. परतावा थेट तिथेच टाका. पण तो पैसा लांबचा समजा: लवकर काढलात तर प्रत्येक डॉलरमागे ३ डॉलरपर्यंत अनुदान परत करावं लागतं, मागच्या १० वर्षांतलं. कॉलेजसाठी आरईएसपी (शिक्षणाचं बचत खातं) वेगळा ठेवा.

नवऱ्याचा अर्ज मात्र करू नका. गोळ्यांवर १४ तास भरत नाहीत, आणि तास फुगवून लिहिणं मला मान्य नाही. उद्या इन्सुलिन सुरू झालंच तर साखर तपासणं, डोससाठी कर्बोदकं मोजणं हा वेळ धरतात. व्यायामाचा धरत नाहीत.

मुलीच्या पुढच्या अपॉइंटमेंटला फॉर्म बरोबर न्या. आजार कोणत्या वर्षापासून आहे ते डॉक्टरांनी बरोबर लिहिलंय ना, तिथेच पाहून घ्या. मागची वर्षं त्यावरूनच मोजली जातील.