नोकरशाही, प्रशासन आणि लालफीत, तिन्ही एकच का?

"ब्युरोक्रसीला मराठीत नोकरशाही म्हणायचं की प्रशासन, आणि लालफीत म्हणजे पण तेच का?" असा प्रश्न आलाय. तिन्ही वेगळे आहेत, आणि हा फरक जपायला हवा असं मला मनापासून वाटतं.

मूळ शब्द फ्रेंच. ब्युरो म्हणजे लिहायचं टेबल, त्याही आधी टेबलावर अंथरायचं जाडंभरडं कापड, आणि क्रसी म्हणजे सत्ता, म्हणजे थोडक्यात टेबलाचं राज्य, आणि १८व्या शतकात फ्रान्समध्ये हा शब्द आला तोच तक्रारीच्या सुरात. मराठीत टेबल गेलं आणि माणूस आला. आपल्याकडे शाही लागली की आधी जो येतो तो राज्य करतो, आदिलशाहीत आदिलशहा, लोकशाहीत लोक, तसं नोकरशाहीत नोकर! जो लोकांचा चाकर तोच धनी होऊन बसला हे शब्दातच आलं, म्हणून मला तो मूळ शब्दापेक्षा धारदार वाटतो. टिळकांनी १९१६ च्या स्वराज्याच्या भाषणांत बादशहा वेगळा आणि मधले कारभारी अधिकारी वेगळे अशी फोड केली होती, त्यांचा रोख या मधल्यांवरच होता.

आता वापर. "जिल्हा प्रशासनाने शाळांना सुट्टी दिली" इथे नोकरशाही टाकून बघा, कानाला लगेच खटकतं. प्रशासन म्हणजे काम, नोकरशाही म्हणजे ते काम करणाऱ्यांची उतरंड आणि तिची सत्ता. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरवरच्या अभ्यासाच्या पुस्तकात मात्र नोकरशाही तटस्थ अर्थाने येते, तिथे ते बरोबरच आहे.

लालफीत ही फायलीला बांधायची फीत, त्यावरून नियमांत अडकून होणारा उशीर. याला आपला दफ्तरदिरंगाई हा शब्द फार नेमका आहे, २००५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यालाही लोक दफ्तरदिरंगाई कायदाच म्हणतात, त्यात सर्वसाधारणपणे कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त अडकू नये असं आहे. आमच्या वारसनोंदीची फाइल एका कार्यालयात चार महिने होती, दर वेळी उत्तर एकच, "साहेबांच्या टेबलावर आहे." चार महिने गेले ती दफ्तरदिरंगाई, आणि साहेबांना विचारायची कुणाची हिंमत नव्हती ती नोकरशाही.

आणि एका माणसाबद्दल लिहिताना "ते नोकरशाही आहेत" असं नको, नोकरशहा म्हणा, टीका करायची नसेल तर सरळ सनदी अधिकारी.