स्फुरद सेहेचाळीस, तरी नेपियर पिवळं

प्रश्न: ताई, एक एकर संकरित नेपियर गवत आहे, हे चौथं वर्ष. सहा म्हशी, दोन गाई. वर्षाला सहा कापण्या होतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून दर कापणीला 10:26:26 चं (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) एक पोतं टाकतो. सुरुवातीला कापणीला आठ टन वैरण निघायची, आता सहाला टेकते आणि नवीन फूट पिवळी येते. माती तपासली: सामू (7 च्या वर अल्कधर्मी, खाली आंबट) 8.3, क्षारता 0.38, सेंद्रिय कर्ब 0.46, नत्र 171, स्फुरद 46, पालाश 232, जस्त 0.41, लोह 3.9. लावणीआधीच्या माती-पत्रिकेत पालाश 410 होतं. दुकानदार म्हणतो आता डीएपी टाका. टाकू का?
– एक वाचक, ता. फलटण

उत्तर: नका टाकू. तुमच्या रानात स्फुरदाची कोठी भरलेली आहे. हेक्टरी 25 किलोच्या वर गेलं की माती प्रयोगशाळेत आम्ही पत्रिकेवर ‘जास्त’ लिहायचो, तुमचं 46 आहे. डीएपीच्या पोत्यात पुन्हा 23 किलो स्फुरदच येणार.

पत्रिका बाजूला ठेवा आणि आधी जमाखर्च मांडू. आठ टन हिरव्या वैरणीत पाणीच फार, कोरडा ऐवज पाचवा हिस्सा, म्हणजे 1,600 किलो. त्यात 9 टक्के प्रथिनं धरली तर 144 किलो, त्याला 6.25 ने भागा, 23 किलो नत्र. पालाश साधारण 38 किलो आणि स्फुरद 8. एका कापणीत एवढं रानातून उचलून तुम्ही गव्हाणीत नेता. आणि 50 किलोच्या पोत्यातून परत काय देता? नत्र 5, स्फुरद 13, पालाश 13. स्फुरद दर खेपेला शिल्लक पडतंय, नत्र आणि पालाशाची उधारी चढतेय. पालाश 410 वरून 232 वर आलं ते असं. ‘आपल्या काळ्या रानात पालाश मुबलक’ हे वाक्य मी स्वतः पंचवीस वर्षं लोकांना ऐकवलं. ज्वारीला ते चालून जातं. वर्षात सहा वेळा कापून नेलेल्या गवताला नाही.

नत्राच्या आकड्याकडे मात्र फार बघत बसू नका. आपल्याकडे तो बहुतेक रानांत कमीच येतो, आणि पोतं टाकून पुढच्या वर्षी वाढलेला दिसतही नाही. नत्र ठरवायचं ते कापणी बघून. स्फुरद, पालाश, जस्त, लोह हे पत्रिका बघून.

तेव्हा 10:26:26 बंद. दर कापणीनंतर एकरी युरियाचं 45 किलोचं एक पोतं, म्हणजे साधारण 21 किलो नत्र, आणि 20 किलो म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पालाशाचं खत. तुमची क्षारता कमी आहे, त्यामुळे पोटॅशमधल्या क्लोराइडची धास्ती नको. युरिया उघड्यावर फेकू नका. सामू 8.3 च्या रानात तो वर पडून राहिला की त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. दुपारी नाकाला वास येतो तो तुमच्या पैशाचा. ठोंबांच्या कडेनं टाका, मातीआड करा, लगेच हलकं पाणी द्या.

20 किलो पोटॅशमध्ये पालाश 12 किलोच आहे, हे तुमच्या ध्यानात आलं असेलच. बाकीचं गोठ्यातून यायचं आहे. जनावराच्या पोटात गेलेलं पालाश बहुतेक मुतातून बाहेर पडतं. तुमच्या आठ जनावरांचं मूत कुठे जातं ते तुम्ही लिहिलेलं नाही. ओढ्याला जात असेल तर गोठ्यामागे खड्डा काढा, आणि ते पाण्यात मिसळून त्याच एकरात सोडा. शेजारच्या उसाला नको.

आता पिवळेपणा. रानात जाऊन पान हातात धरा. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला पट्टा पिवळा असेल तर लोह. जुनी खालची पानं टोकाकडून पिवळी पडत असतील तर नत्र, आणि त्यांच्या कडा करपल्या असतील तर पालाश. तुम्ही नवी फूट म्हणताय, आणि लोह 4.5 या किमान मर्यादेच्या खाली आहे, म्हणून माझा संशय लोहावर. चुनखडीच्या रानात मातीतून दिलेलं लोह अडकून पडतं, तेव्हा फूट वीतभर झाली की फेरस सल्फेटची अर्धा टक्का फवारणी करा. जस्तही 0.6 च्या खाली आहे, आणि जादा स्फुरद त्याला आणखी दाबतं. एकरी 10 किलो झिंक सल्फेट शेणखतात मुरवून एकदाच द्या. कुठल्याही स्फुरदाच्या खतात ते मिसळू नका.

प्रश्न: आमचा पाच एकर गवताचा माळ आहे, दिवाळीनंतर कापून विकतो. एक फूट खणून माती दिली. सामू 5.4, स्फुरद 6. चुना टाकावा का?
– एक वाचक, ता. मुरबाड

उत्तर: एक फूट का खणलंत? ती खोली नेपियर-उसालाही जास्त झाली. गवताच्या माळाला वरची दोन इंच माती पुरे, सगळा कस तिथेच असतो. खालची मुरमाड माती मिसळली की आकडे पडलेलेच दिसणार. पुन्हा नमुना द्या.

आणि पाच एकरांवर चुना? एका कापणीच्या गवताला तो खर्च झेपेल असं मला वाटत नाही. पावसाआधी दोन गुंठ्यांवर रॉक फॉस्फेट (स्फुरदाच्या खडकाची भुकटी) टाकून बघा. तुमच्या आंबट मातीत ते हळूहळू विरघळतं; वरच्या फलटणच्या रानात टाकलं असतं तर खडीसारखं पडून राहिलं असतं. एक विचारते, भाताच्या राबासाठी (रोपांची जागा भाजायला) याच माळावरचं गवत आणि शेण नेता ना? मग माळ दोन्हीकडून लुटला जातोय.

प्रश्न: बारमाही गवतात मातीचा नमुना कधी आणि कशात घ्यावा?
– एक वाचक, ता. राहुरी

उत्तर: कापणी झाल्यावर, खत टाकण्याआधी. बांध, झाडाची सावली आणि उकिरड्याची जागा सोडून आठ-दहा ठिकाणांहून. खताच्या पोत्यात कधीच नाही. प्रयोगशाळेत नोकरीला असून मी एकदा घरच्या रानाची माती 10:26:26 च्या रिकाम्या पोत्यावर वाळत घातली. स्फुरद एका वर्षात दुपटीवर! घरी पेढे मागवायचेच बाकी होते. सासूबाईंनी विचारलं, ‘माती कशावर पसरली होतीस गं?’

कापडी पिशवी वापरा, अर्धा किलो माती पुरते. आत टाकायची चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, पेनाची शाई ओलीनं पसरते.