वरणाची वाटी, चहाचा कप आणि रक्ताचा रिपोर्ट

या महिन्यातल्या पत्रांना बहुतेकांनी रक्ताच्या रिपोर्टचे फोटोच जोडलेत. रिपोर्ट बघून औषध सांगणं माझं काम नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं. मी आहारतज्ज्ञ, ताटापुरतं बोलते. पण सगळी पत्रं वाचताना एक जाणवलं, कशात काय असतं हे आपल्याला तोंडपाठ असतं, पण किती असतं आणि त्यातलं अंगाला किती लागतं हे कुणी विचारत नाही. म्हणून यावेळी आकडेमोड जरा जास्त आहे, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, माझं वय ३४. हिमोग्लोबिन ९.२ आलंय. गेले कित्येक महिने रोज गूळ-शेंगदाणे, बीट, डाळिंबाचा रस सगळं घेते, तरी वाढतच नाही. गोळ्या गरम पडतात म्हणून सोडल्या. पाळीत त्रास होतो. अजून काय खाऊ? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: ताई, आधी ते बीट आणि डाळिंब बाजूला ठेवू. खाऊ नका असं नाही, आवडत असेल तर खुशाल खा, पण त्यांचा रंग लाल आहे म्हणून रक्त वाढतं ही समजूत सोडून द्या, कारण शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं आणि डाळिंबात त्याहून कमी. गुळाचा दहा ग्रॅमचा खडा घेतलात तर अर्धा मिलिग्रॅम मिळेल, मूठभर शेंगदाण्यात एक. आणि तुमच्या वयाच्या बाईला रोजचं किती लागतं, तर आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या तक्त्याप्रमाणे २९ मिलिग्रॅम. पुरुषाला १९. हा फरक मुख्यतः पाळीमुळे.

आता तुम्ही म्हणाल २९ म्हणजे फारच झालं. ते इतकं मोठं दिसतं कारण धान्य, डाळी, भाज्यांमधलं लोह शरीर फार थोडं उचलतं, शंभरातले ढोबळमानाने पाच-दहा, बाकी जसं आलं तसं जातं. मटण, कलेजी, मासे यातलं लोह वेगळ्या प्रकारचं असतं, ते कितीतरी जास्त शोषलं जातं. तुम्ही खाता की नाही ते पत्रात लिहिलं नाहीत, खात असाल तर रविवारी एकदाच भरपूर खाण्यापेक्षा आठवड्यात दोनतीनदा थोडं थोडं बरं.

आणि आता चहा. तुम्हीच लिहिलंय की सकाळी चहा-पोळी आणि दुपारच्या जेवणावर लगेच अर्धा कप लागतोच. जेवणाबरोबर चहा घेतला की त्यातल्या टॅनिन या तुरट घटकामुळे त्या जेवणातलं लोह निम्म्याहून जास्त वाया जाऊ शकतं. म्हणजे तुम्ही एकीकडून गूळ-शेंगदाणे घालताय आणि दुसरीकडून चहा ते काढून घेतोय. चहा बंद करा असं मी इचलकरंजीतल्या माणसाला कशी सांगणार, पण जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी नको, एवढं नक्की करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं, म्हणजे एनआयएननं, २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही हेच सांगितलंय.

चहाच्या जागी काय, तर आंबट. व्हिटॅमिन सी त्याच घासाबरोबर पोटात गेलं तर डाळी-भाकरीतलं लोह जास्त शोषलं जातं. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा, जेवणात पेरूची फोड घ्या (एका पेरूत दिवसभराचं सी भागून वर उरतं), आवळ्याचं काहीही चालेल. लिंबू शिजताना घालू नका, ताटात पिळा. धान्यात बदल करायचा तर बाजरी आणा, एका मध्यम भाकरीतून तीन मिलिग्रॅमच्या आसपास लोह येतं. मोड आलेल्या कडधान्यातलं लोह नुसत्या कडधान्यापेक्षा चांगलं मिळतं, कारण लोहाला अडवून धरणारं फायटेट मोड येताना कमी होतं. आणि माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई काढा, त्यात टोमॅटो किंवा चिंचेची आमटी केलीत तर थोडं लोह पदार्थात उतरतं, फक्त आमटी त्यातच ठेवून देऊ नका, काळी पडते आणि घरचे नाकं मुरडतात.

पण खरं सांगते, ९.२ वरून हे एकट्या जेवणानं भरून निघणार नाही. गोळ्या पुन्हा सुरू करायला लागतील. गोळी 'गरम' पडत नाही, काहींना मळमळतं, पोट बिघडतं किंवा बद्धकोष्ठ होतं आणि शौच काळी होते, ती घाबरण्यासारखी नाही. डॉक्टरांना सांगा, ते प्रकार बदलून देतात, कधी एक दिवसाआड देतात, कधी जेवणानंतर घ्यायला सांगतात. दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र घेऊ नका. आकडा बारावर गेला की लगेच गोळी थांबवायची हे आपल्याकडे सर्रास होतं, पण शरीरातला साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. शिवाय पाळीत रक्त जास्त जात असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच, नळ उघडा ठेवून टाकी भरत नाही. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, तपासून घ्या, आणि ते नॉर्मल असूनही हिमोग्लोबिन कमी असेल तर थॅलेसेमिया मायनरसारखं (आईवडिलांकडून येणारा रक्तातला दोष) दुसरं कारण असू शकतं, तिथे लोहाच्या गोळ्या खात राहून उपयोग नाही.

तुम्ही एकट्या नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका ॲनिमिक निघाल्या, ५४ टक्के. आधीच्या पाहणीत हाच आकडा ४८ होता. एवढं गूळ-शेंगदाणे खाऊन.

प्रश्न: मॅडम, मी ६१ वर्षांचा, निवृत्त, पिढीजात शाकाहारी. दहा वर्षं मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. पायाला मुंग्या येतात म्हणून बी-१२ केलं तर १४० आलं. आमच्या घरी दूधदुभतं भरपूर, तरी असं का? इंजेक्शन न घेता स्पिरुलिना (शेवाळाची पूड) घेतली तर? (एक काका, नाशिक)

उत्तर: काका, बी-१२ ना झाड बनवतं ना प्राणी, ते फक्त जीवाणू बनवतात आणि प्राण्यांमार्फत आपल्याकडे येतं. त्यामुळे पालेभाजी कितीही खा, त्यात ते नाही. शाकाहारी माणसाला दूध, दही, ताक, पनीर एवढाच रस्ता. आता तुमचं भरपूर दूधदुभतं मोजू. माणसाला रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं, शंभर मिली दुधात अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळतं, म्हणजे अर्धा लिटर तरी पोटात जायला हवं. तुमच्या पत्रात दूध आहे ते तीन कप चहातलं आणि रात्रीची वाटीभर ताकाची कढी. घरात दूध येतं आणि तुमच्या पोटात दूध जातं हे दोन वेगळे हिशोब आहेत, बरंचसं नातवंडांकडे जात असणार.

दुसरी गोष्ट, मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं की बी-१२ कमी शोषलं जातं. ॲसिडिटीची रोजची गोळी असेल तर तीही यात भर घालते, आणि वयाप्रमाणे पोटातलं आम्ल कमी होतं ते वेगळंच. साठा लिव्हरमध्ये असतो आणि काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता इतकी उशिरा कळते. मेटफॉर्मिन मनानं बंद करू नका हं. डॉक्टरांना फक्त विचारा की दरवर्षी बी-१२ तपासायचं का.

स्पिरुलिना घेतली तर, याचं उत्तर ‘नाही’. त्यात जे असतं ते बहुतांश दिसायला बी-१२ सारखं पण आपल्या शरीराला न वापरता येणारं रूप आहे. इडली, आंबील, मोड यांच्यावर पण विसंबू नका. मुंग्या येतायत म्हणजे नसांपर्यंत गेलंय, इंजेक्शन घ्या, उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही.

आणि एक, तुम्ही जवळच्या दुकानातून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणल्यात असं लिहिलंय, त्या एकट्या घेऊ नका. यामागे आपल्या मुंबईची एक गोष्ट आहे ती सांगतेच. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या, इथल्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक वेगळाच ॲनिमिया होत होता, तांबड्या पेशी संख्येनं कमी पण आकारानं फुगलेल्या. त्यांनी या बायकांचं जेवण पाहिलं, तशाच निकस आहारावर माकडं ठेवून बघितली, आणि शेवटी यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट म्हणून मिळतो तो, देऊन बायका बऱ्या होतात हे १९३१ मध्ये छापलं. त्या अर्कातला घटक म्हणजे पुढे सापडलेलं फोलेट हे व्हिटॅमिन (गोळीत असतं ते त्याचंच रूप, फॉलिक ॲसिड), आणि आज गरोदरपणात सगळ्यांना मिळणारी फॉलिक ॲसिडची गोळी तिथून निघाली. पण बी-१२ कमी असताना नुसतं फोलेट घेतलं तर रक्त सुधारतं, रिपोर्ट छान दिसतो, आणि नसांचं नुकसान मात्र आतून चालूच राहतं. तुमच्या बाबतीत नेमकी हीच भीती.

प्रश्न: ताई जिममधला ट्रेनर म्हणतो वरणभातात काहीच प्रोटीन नसतं, व्हे पावडर घे नाहीतर मसल विसर. वजन ७० किलो, अंडी खातो, चिकन घरात चालत नाही. डबा तीन हजार पाचशेला सांगतोय. घेऊ का? (एक तरुण, हडपसर)

उत्तर: काहीच नसतं हे खोटं, पण तुला वाटतं तेवढं नसतं हे खरं. घरातलं वरण पातळ असतं, एका वाटीत कच्ची डाळ फार तर पंचवीस ग्रॅम, म्हणजे प्रोटीन पाच-साडेपाच ग्रॅम. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम धरतात, म्हणजे तुला ५८. वजनं उचलणाऱ्याला जास्त, किलोमागे १.२ ते १.६ धर.

आता घरातलंच बघ. चार पोळ्यांचे बारा, वरणाचे पाच, मटकीची घट्ट उसळ मोठी वाटी आठ, पाव लिटर दूध आठ, वाटीभर दही पाच, मूठभर शेंगदाणे सात, दोन अंडी तेरा. झाले की ५८. यात रात्री तीस ग्रॅम सोया चंक्सची भाजी टाकलीस तर अजून पंधरा, आणि अंडी चार केलीस तर अजून तेरा, म्हणजे ८५ च्या वर गेलास, डबा न उघडता. एक लक्षात ठेव, मोड आणल्यानं मटकीतलं प्रोटीन वाढत नाही, व्हिटॅमिन सी वाढतं आणि पचायला सोपं जातं एवढंच, पण जिममध्ये हे कुणी ऐकून घेत नाही.

डाळ-धान्य एकत्र का, तर प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्या अमिनो आम्लांपैकी नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, धान्यात त्यातलं लायसिन कमी पडतं, डाळीत मेथिओनिन, एकत्र खाल्लं की दोघांची भरपाई होते. पिठलं-भाकरी, वरण-भात, भाजणीचं थालीपीठ हे सगळं त्या हिशोबात बसतं. फक्त आपण भाताचा डोंगर करतो आणि त्यावर वरणाचं पाणी घालतो. तीन मुठी धान्याला एक मूठ डाळ एवढं तरी पाहिजे.

व्हे विष नाही, दुधातलंच प्रोटीन आहे, एका स्कूपमध्ये वीस-पंचवीस ग्रॅम. एनआयएनची मार्गदर्शिका मात्र शरीर कमावण्यासाठी पावडरी टाळा असंच म्हणते आणि माझंही मत त्याच बाजूला आहे. घ्यायचीच झाली तर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, नंबर बघून सीलबंद घे, ट्रेनरच्या बॅगेतली सुट्टी नको, आणि किडनीचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

प्रश्न: आमचा मुलगा तीन वर्षांचा, आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. इथे ऊन नाही म्हणून सासूबाई पुण्याहून ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डीची पाकिटं घेऊन येणार आहेत, आठवड्याला एक द्यायचं का? (एक आई)

उत्तर: नाही! सासूबाईंना आजच फोन करा. ते पाकीट कमतरता निघाल्यावर डॉक्टर ठरावीक आठवडे देतात तसलं औषध आहे. तिथल्या एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेचा, सल्ला एक ते चार वर्षांच्या मुलांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, असा आहे. एक पाकीट म्हणजे त्याचे १५० दिवस एकदम. डी तेला-तुपात विरघळणारं असल्यामुळे शरीरात साठतं, फार झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं आणि किडनीला त्रास होतो. तिथल्या फार्मसीत मुलांचे थेंब मिळतात ते घ्या. तुम्ही दोघंही ऑक्टोबर ते मार्च १० मायक्रोग्रॅम घ्या, आपल्या सावळ्या कातडीला तिथे वर्षभर घ्यायचा विचार करा असंही ते सांगतात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात बसून डी तयार होत नाही, काच ते किरण अडवते.

सासूबाईंना काही आणायचंच असेल तर राजगिरा आणि नाचणीचं पीठ आणू दे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

प्रश्न: एकादशीला साबुदाणा खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी गळाल्यासारखं होतं. उपवास हलका असतो ना? (सोलापूर)

उत्तर: साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा स्टार्च, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी आणि प्रोटीन अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. खिचडीत जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं. कूट दुप्पट करा, बरोबर दही घ्या, किंवा राजगिऱ्याची भाकरी-आमटी करा. आणि पाणी प्या, उपवासाला लोक चहावरच दिवस काढतात.

प्रश्न: सैंधव मीठ वापरलं तर बीपीला चालतं म्हणे, आणि त्यात ८४ खनिजं असतात? (ठाणे)

उत्तर: सैंधव पण सोडियम क्लोराइडच, बीपीला तेवढंच जड. ती बाकीची खनिजं इतकी कणभर असतात की त्यांचा उपयोग व्हायला मूठभर मीठ खावं लागेल. उलट त्यात पुरेसं आयोडीन नसतं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी १९५० च्या दशकात मिठात आयोडीन घालून बघितलं आणि गलगंड कमी झाले, तिथून पुढे देशभर आयोडीनयुक्त मीठ आलं. घरात रोजचं तेच ठेवा, सैंधव उपवासापुरतं, दोन्ही मिळून माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं-पापड पण धरा.