“दिवसभर गेम खेळतो आणि म्हणतो, चॅनेल चालवतोय”

“मॅडम, विचारलं की म्हणतो चॅनेल चालवतोय. मला तर दिवसभर गेमच दिसतो. रात्री दोनला खोलीतून बोलण्याचा आवाज येतो. दार ढकलून पाहिलं तर एकटाच बसलेला, कानाला हेडफोन, आणि ‘नमस्कार मित्रांनो’ म्हणतोय. कोण मित्र? घरात कोणी येत नाही, हा कुठे जात नाही. व्यसन लागलंय का त्याला? चॅनेल बंदच करायला लावू का?”

मी समुपदेशक आहे. लॉकडाऊनच्या दुसऱ्या महिन्यात एका आईने मला फोनवर हे विचारलं. पुढे हाच प्रश्न थोड्याफार फरकाने इतक्या आईवडिलांकडून आला की या एका घराची हकिगत जरा सविस्तर सांगावीशी वाटते. मुलाचं आणि चॅनेलचं नाव देत नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी दोघांनाही विचारलं आहे.

मुलगा १९ वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. यूट्यूबवरचं चॅनेल लॉकडाऊनच्या आधीपासूनचं, पण तेव्हा महिन्यातून एखादा व्हिडिओ. कॉलेज बंद झालं, मैदान बंद झालं, आणि तो रोज एक व्हिडिओ टाकू लागला. सबस्क्रायबर २१४.

पहिल्या कॉलवर मी चुकले. आई आणि तो शेजारी शेजारी बसले होते, त्याचं तोंड कॅमेऱ्यापासून जरा वळलेलं. मी विचारलं, “रोज किती तास स्क्रीनसमोर असतोस?” तो म्हणाला, “अकरा-बारा.” आईने माझ्याकडे ‘बघा, मी सांगत नव्हते?’ अशा नजरेने पाहिलं आणि मी लगेच वेळापत्रक आखायला घेतलं. अभ्यास इतका, गेम इतका, झोप इतकी. त्याने सगळ्याला हो म्हटलं. इतक्या पटकन हो म्हटलं की मला तिथेच कळायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात तो कॉलवर आलाच नाही.

मग मी त्याला निरोप पाठवला की तुझा एक व्हिडिओ मला पाहायचाय, तुला आवडलेला पाठव. पाच मिनिटांत लिंक आली.

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधकाम करायच्या गेममध्ये सरकतं दार कसं बांधायचं, याचा १२ मिनिटांचा व्हिडिओ होता. मी गेम खेळत नाही, तरी शेवटपर्यंत पाहिला. तो भिंतीच्या आत पिस्टन बसवत होता आणि सांगत होता, “इथे साधा पिस्टन लावू नका. साधा पिस्टन ठोकळा पुढे ढकलतो, पण परत आणत नाही. दार बंद होईल आणि मग उघडणारच नाही. चिकट पिस्टन लावा, तो ठोकळ्याला धरून मागे ओढतो.” मग त्याने ते दार मुद्दाम चुकीचं बांधून दाखवलं, अडकलेलं दाखवलं, पिस्टन बदलला आणि पुन्हा चालवून दाखवलं. समोर कोणीतरी वही उघडून बसलंय अशा धीराने. त्या व्हिडिओला ३१ व्ह्यूज होते.

दुसऱ्या कॉलला मी आईला येऊ नका म्हटलं. त्याला विचारलं, “या १२ मिनिटांना किती वेळ लागला?” कॅमेऱ्यापासून वळलेलं तोंड सरळ झालं. आधी ते दार स्वतः तीनदा बांधून पाहिलं, मग रेकॉर्डिंग, त्यात पंख्याचा आवाज आला म्हणून पुन्हा रेकॉर्डिंग, मग एडिटिंग, थंबनेल म्हणजे व्हिडिओवरचं चित्र, व्हिडिओ रेंडर होईपर्यंत म्हणजे त्याची अंतिम फाइल तयार होईपर्यंत थांबणं, अपलोड. सगळे मिळून साधारण नऊ तास. मी म्हटलं, आता चार दिवस फक्त लिहून ठेव, कुठला वेळ कशात गेला. कमी करू नकोस, लपवू नकोस, लिही.

त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. गेम खेळणं रोज अडीच तास, तेही जवळजवळ सगळं रेकॉर्डिंगपुरतं. एडिटिंग आणि बाकीची कामं साडेचार तास. कॉलेजचे ऑनलाइन वर्ग दोन तास, त्यातही निम्मं लक्ष. आणि शेवटच्या ओळीत, “आकडे बघत बसलो – तीन तास.” त्याचं त्यालाच खरं वाटत नव्हतं.

दारातून पाहणाऱ्या माणसाला या चारही गोष्टी सारख्याच दिसतात. पाठमोरा मुलगा आणि उजळलेला स्क्रीन. आईच्या काळजीला मी कधीच चुकीचं म्हणणार नाही, पण तिची काळजी चुकीच्या जागी लागली होती. मुलाला गेमने धरलंच नव्हतं. उलट तो मला म्हणाला, “रेकॉर्डिंग चालू नसेल तर आता खेळावंसंच वाटत नाही.” माझ्या मते या मुलाच्या तोंडून आलेलं सगळ्यात काळजीचं वाक्य हे होतं. ज्या गोष्टीच्या आनंदातून चॅनेल सुरू झालं, तो आनंदच चॅनेलने खाल्ला होता.

धरलं होतं ते आकड्यांनी. यूट्यूब स्टुडिओ या चॅनेलचा हिशेब दाखवणाऱ्या ॲपमध्ये मागच्या ४८ तासांचे व्ह्यूज जवळजवळ त्या क्षणाला दिसतात. तो अंथरुणातून उठायच्या आधी ते बघायचा. कधी चार वाढलेले, कधी शून्य, एकदा अचानक साठ. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवलं होतं की दाणा दर वेळी न मिळता अधूनमधून, अंदाज न येता मिळत राहिला तर पक्षी कळ टोचणं सहजासहजी सोडत नाही. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे ते साठ आले नसते तर बरं झालं असतं.”

मग आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. जाहिरातींतून पैसे मिळण्यासाठी तेव्हाचा यूट्यूबचा नियम होता किमान १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत लोकांनी पाहिलेले ४००० तास. ‘एक हजार’ हा आकडा त्याच्या डोक्यात घट्ट बसला होता, चार हजार तासांकडे त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. ४००० भागिले ३६५, म्हणजे रोज जवळपास ११ तास. त्याचा व्हिडिओ लोक सरासरी दोन मिनिटं पाहत होते. ११ तास म्हणजे ६६० मिनिटं, म्हणजे रोज ३३० व्ह्यूज, एकही दिवस न चुकता, वर्षभर. त्याला मिळत होते दिवसाला तीस-पस्तीस.

हे त्याला नाउमेद करायला मी मांडलं नव्हतं, आणि तो नाउमेद झालाही नाही. खरं तर त्याचा चेहरा सैल झाला. दोन महिने तो स्वतःला सांगत होता की सगळे घरी बसलेत, सगळे व्हिडिओ बघतायत, तरी माझा बघत नाहीत म्हणजे मीच टाकाऊ. घरी बसलेल्या लोकांचं पाहणं वाढलं, तसं त्याच्यासारख्या अनेकांचं बनवणंही वाढलं, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. अगदी व्हिडिओ धूसर दिसला तरी त्याला स्वतःचाच दोष वाटायचा. मार्च २०२० च्या अखेरीस इंटरनेटवरचा ताण कमी करायला यूट्यूबने जगभर व्हिडिओ आपसूक साध्या दर्जात दाखवायला सुरुवात केली होती आणि हा बिचारा रात्र रात्र रेंडरिंगच्या सेटिंग बदलत बसला होता.

याच बोलण्यात तो सहज म्हणून गेला, “मी नसलो तरी कुणाला कळणारही नाही.”

मी थांबले. अशा वाक्यावरून पुढे जायचं नसतं. सरळ विचारलं, “तू चॅनेलबद्दल बोलतोयस की स्वतःबद्दल? मरून जावं असं मनात येतं का?” तो दचकला. म्हणाला, “नाही मॅडम, व्हिडिओ टाकला नाही तर कळणार नाही, असं म्हणायचं होतं.” मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि पुढच्या दोन्ही कॉलवर पुन्हा विचारलं. भूक, झोप, मित्रांशी बोलणं यांचीही चौकशी केली. आईवडिलांना मी नेहमी सांगते की असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात भलतं भरत नाही. उत्तर ‘हो’ किंवा घुटमळणारं आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.

पुढचा कॉल आईबरोबर. व्यसनाचा प्रश्न अजून तिच्या मनात होताच आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. २०१९ मध्ये ते वर्गीकरण मंजूर झालं, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तासांचा आकडा कुठेच नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टींच्या वर गेम जाऊन बसणं आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणं, हे तिन्ही असावं लागतं, त्याने रोजचं आयुष्य ठळकपणे विस्कटलेलं असावं लागतं आणि सर्वसाधारणपणे १२ महिने तरी हे चाललेलं असावं लागतं. त्याच संघटनेने मार्च २०२० मध्ये गेम कंपन्यांच्या ‘दूर राहून एकत्र खेळा’ अशा अर्थाच्या मोहिमेला पाठिंबाही दिला होता. आईला हे ऐकून आधी राग आला. “मग आम्ही काय समजायचं?” मी म्हटलं, तास मोजणं सोडा आणि ताबा कुणाकडे आहे ते बघा. तुमच्या मुलाला तीन दिवस गेम नको म्हटलं तर तो राहील. तीन दिवस आकडे बघू नकोस म्हटलं तर?

ती म्हणाली, “पण मग रात्री दोनला का बसतो?”

हे मी त्यालाच विचारायला सांगितलं, माझ्यासमोर. उत्तर इतकं साधं होतं की आम्ही तिघंही क्षणभर गप्प झालो. दिवसा घरात वडिलांच्या मीटिंग, बहिणीचे ऑनलाइन तास, भांड्यांचे आवाज, टीव्हीवरच्या बातम्या. माइकमध्ये सगळं येतं. शिवाय तो अपलोड लावायचा तेव्हा बहिणीचा तास अडकायचा आणि ती ओरडायची. रात्री दीडनंतर घर शांत, नेट मोकळं. म्हणून रात्री. त्यातून सकाळी उशिरा उठणं, पहिला तास बुडणं, त्यावरून बोलणी, आणि बोलणी खाल्ली की पुन्हा खोलीत. आईला जे व्यसनाचं लक्षण वाटलं होतं, त्याच्या मुळाशी शांत जागेची अडचण होती.

घराने त्याला दुपारी तीन ते चार हा तास दिला. दारावर बहिणीने कागद चिकटवला, ‘रेकॉर्डिंग चालू आहे’. टीव्ही बंद. अपलोड रात्री साडेदहाला लावून तो झोपायला जाऊ लागला. या एका बदलाने जितकं काम केलं तितकं माझ्या पहिल्या वेळापत्रकाने कधीच केलं नसतं.

आकड्यांचं काम मात्र चिवट होतं. स्टुडिओचं ॲप फोनवरून काढून टाकायचं, फक्त रविवारी कॉम्प्युटरवर उघडायचं आणि उघडण्याआधी एक प्रश्न लिहायचा, ज्याचं उत्तर आकड्यांतून मिळेल, असं आम्ही ठरवलं. उदाहरणार्थ, लोक कुठल्या सेकंदाला सोडून जातात? पहिले दोन रविवार ठरलं तसं झालं. तिसऱ्या आठवड्यात त्याने ॲप परत घेतलं आणि चार दिवस मला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा मी काढ म्हटलं नाही. कधी घेतलंस, एवढंच विचारलं. परीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी. मग त्या संध्याकाळबद्दल बोललो, चॅनेल बाजूलाच राहिलं.

रविवारच्या त्या प्रश्नातूनच त्याला दिसलं की त्याची पहिली ४० सेकंदं ‘लाइक करा, सबस्क्राइब करा’ यातच जातात आणि निम्मे लोक तिथेच गळतात. त्याने ती काढली. रोजचा व्हिडिओ आठवड्यातून एक झाला. आठवड्यातून एक तास रेकॉर्डिंग न करता, जुन्या मित्राबरोबर नुसतं खेळायचं, हेही ठरलं होतं. तो सुरुवातीला त्याला ‘वाया गेलेला तास’ म्हणायचा. महिन्याभराने म्हणेनासा झाला.

एका कॉलवर मी त्याला म्हटलं, ३१ व्ह्यूज म्हणजे कोण कोण, नावं सांग. तो हसला, पण सांगायला लागला. कॉलेजमधले चार, मामाचा मुलगा, ओळख नसलेले काही. मग त्याने एक कमेंट वाचून दाखवली, कुणीतरी लहान मुलाने लिहिलेली असावी. “दादा माझं दार बंद होतं पण उघडत नाही.” त्याने उत्तर दिलं होतं, पिस्टन बघ, साधा लावला असशील. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने लिहिलं होतं, “उघडलं दादा.” ही कमेंट तीन आठवडे तिथे होती. त्याने ती वाचली होती, उत्तरही दिलं होतं, आणि तरी मला सांगत होता की कुणी बघत नाही. “आता ऐकताना कसं वाटतंय?” म्हटलं तर तो बोलला नाही, कॅमेरा बंद केला. दोन मिनिटांनी परत सुरू केला, तोंड धुऊन आला होता.

कॉलेज सुरू झाल्यावर आमचे कॉल थांबले. तेव्हा चॅनेलला ४०० च्या आसपास सबस्क्रायबर होते, १००० नव्हते. तो परीक्षेच्या काळात चॅनेल बंद ठेवायचा आणि तसं चॅनेलवर लिहूनही टाकायचा.

नंतर एकदा आईचा फोन आला. काही बिनसलं का म्हणून मी जरा घाबरूनच उचलला. ती म्हणाली, “मॅडम, काल त्याचा व्हिडिओ पहिल्यांदा पूर्ण पाहिला. मला गेम कळत नाही, पण तो फार भरभर बोलतो. लहान मुलं बघत असतील तर त्यांना कसं समजणार? हे त्याला सांगू का, की वाईट वाटेल?”

मी म्हटलं, “सांगा. नेमकं कुठे भरभर बोलतो ते मिनिट लिहून ठेवा आणि मग सांगा.”

“लिहिलंय,” ती म्हणाली. “तीन जागा आहेत.”