अंडं नाही, दूध नाही, तरी फ्रेंच टोस्ट जमतो

ताई, तुमचा पहिला बिनअंड्याचा टोस्ट तव्याला चिकटला म्हणालात, पण हिरमुसू नका, माझे पहिले चार तर उलथण्याने खरवडून काढावे लागले होते.

अंड्याचं काम बेसन करतं. 1 वाटी सोया दुधात 2 मोठे चमचे बेसन, चमचाभर गूळ, चिमूटभर मीठ आणि वेलची. गुठळी राहू देऊ नका आणि दहा मिनिटं थांबा, बेसन फुगतं. लातूरकडे सोयाबीन घरोघरी असतं, पण घरी दूध काढायच्या भानगडीत सध्या पडू नका.

नवखे चुकतात ते इथे:

- ताजा, मऊ ब्रेड घेणं. भिजला की लगदा. कालचा शिळाच हवा, जाड कापलेला. पाकिटावर दूध पावडर लिहिलीय का, तेही बघा.
- ब्रेड या मिश्रणात फार वेळ बुडवणं. एकेका बाजूला पाच-सात सेकंद पुरे.
- मोठी आच. गूळ करपतो, बेसन आत कच्चं राहतं आणि तो कच्चट वास काही केल्या जात नाही. मंद-मध्यम आचेवर एकेक बाजू तीन-चार मिनिटं.

शेंगदाणा तेल चालतं (आमच्याकडे तेच असतं). कडा सुटल्याशिवाय उलटू नका. बेसनाऐवजी केळं, जवस वगैरे प्रयोग नंतर.