कोडिंगची ओळ आहे, तरी अक्षरं फुटतात

प्रश्न : पायथन ३ चा प्रोग्रॅम यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची एक पद्धत) मध्ये सेव्ह केलाय, पहिल्या ओळीत तसं कोडिंगही जाहीर केलंय. तरी विंडोजवर मराठी शब्दांच्या टेक्स्ट फाइली वाचताना एखाद्या फाइलचा कचरा होतो, एखादीला थेट एरर येते. असं का?

उत्तर : ती ओळ सोर्स फाइलपुरतीच असते. प्रोग्रॅमचे बाइट कसे वाचायचे एवढंच ती इंटरप्रिटरला सांगते, तेही पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीत असेल तरच. पायथन २ आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांची जुनी पद्धत) धरून चालायचा, म्हणून ती लागायची. पायथन ३ मुळातच यूटीएफ-८ धरतो. खुशाल काढून टाका.

डेटा फाइल उघडताना मात्र, पायथन ३.१४ पर्यंत, ‘ओपन’ला काही सांगितलं नाही तर ते सिस्टिमचं कोडपेज (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता) वापरतं. इंग्रजी सेटिंगच्या विंडोजवर ते सहसा १२५२. यूटीएफ-८ मध्ये ‘क’चे तीन बाइट, हेक्स म्हणजे सोळा-आधारी आकड्यांत : ई०, ए४, ९५. कोडपेज १२५२ त्यांची तीन वेगळी चिन्हं करतं, शेवटचं तर चक्क ठळक टिंब. हा झाला कचरा. आता हलन्त घ्या : ई०, ए५, ८डी. या कोडपेजात ८डीला अक्षरच नेमलेलं नाही, म्हणून एरर. ऱ्हस्व उकार, ए, ऐ, झ यांचंही तेच. ‘कमल’ची फाइल कचरा होऊन का होईना उघडते, ‘पद्म’ची उघडतच नाही.

‘ओपन’च्या कंसात एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ द्या. फाइलच्या तोंडाशी बीओएम (एन्कोडिंगची खूण म्हणून घातलेले बाइट) असेल तर यूटीएफ-८-सिग, नाहीतर पहिल्या शब्दाला एक अदृश्य चिन्ह चिकटतं आणि तुलना फसते. ‘ओपन’च्या एरर्स या पर्यायाला ‘इग्नोर’ देऊन (म्हणजे न वाचता येणारे बाइट गाळून) तोंड बंद करू नका. नुसता कचरा उलट फिरवून मूळ मजकूर मिळतो. गाळलेला बाइट मिळत नाही.

प्रश्न : दोन ठिकाणचं ‘दुसऱ्या’ दिसायला सारखंच, पण बरोबरीची तुलना खोटी ठरते.

उत्तर : रफाराऐवजी येणारा हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात युनिकोड क्रमांक ०९३१ (ऱ) आणि हलन्त. दुसऱ्यात साधा ०९३०, हलन्त आणि न दिसणारा जोडक २००डी. युनिकोडडेटा मॉड्यूलचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणणं) र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) यांचा ऱ करतं, पण या जोडकाला हात लावत नाही. म्हणून आधी दुसरी तऱ्हा शोधून तिच्या जागी पहिली घाला, मग एनएफसी चालवा. तुलनेच्या दोन्ही बाजूंना, अर्थात.